बंद कारखान्याचा लिलाव: भंगाराआधी विषाची मोजदाद

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक चौकट येते. बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री ‘जेथे आहे, जशी आहे’ या तत्त्वावर विकणे आहे. मराठवाड्यात अशा जागांना तोटा नाही. गाळप थांबलेले सहकारी साखर कारखाने आहेत, अवसायनात निघालेल्या सूतगिरण्या आहेत, जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या शेड आहेत, एमआयडीसीतले कुलूप लागलेले गाळे आहेत. बँकेला वसुली हवी असते, भंगारवाल्याला लोखंड आणि तांबं, गावाला मोकळी जागा. वाफेच्या पाइपांना गुंडाळलेला ॲस्बेस्टॉसचा पांढरट थर, छपरावरचे ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटचे पत्रे, लॅबच्या कपाटातल्या बाटल्या आणि ट्रान्सफॉर्मरमधलं तेल मात्र कुणालाच नको असतं. त्याला भाव नाही, म्हणून त्याची यादीही होत नाही. मग गॅस कटर चालतो आणि यादीत नसलेला माल हवेत, विहिरीत आणि कामगारांच्या छातीत जातो.

हे टाळणं अवघड नाही. त्याला एक ठरलेला क्रम आहे आणि तो क्रम निविदा काढण्याआधी सुरू होतो.

ॲस्बेस्टॉस म्हणजे काय

हे कुठल्या रसायनाच्या भट्टीत तयार होत नाही. खडकात सापडणाऱ्या सहा तंतुमय खनिजांना मिळून ॲस्बेस्टॉस म्हणतात. आपल्याकडे सर्वांत जास्त वापर झाला तो पांढऱ्या प्रकाराचा, म्हणजे क्रायसोटाइलचा. तपकिरी आणि निळा हे आणखी घातक प्रकार जुन्या उष्णतारोधक थरांत सापडू शकतात. जळत नाही, उष्णता अडवतो, धाग्यासारखा विणता येतो आणि सिमेंटला बळकटी देतो. एवढे गुण आणि वर स्वस्त, त्यामुळे तो बॉयलरच्या दारांच्या दोरीपासून पाइपांच्या गॅस्केटपर्यंत सगळीकडे गेला.

त्याची खोड अशी की तंतू आडवा तुटण्यापेक्षा उभा चिरत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक. तीन मायक्रॉनपेक्षा बारीक आणि पाच मायक्रॉनपेक्षा लांब तंतू फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो. शरीराच्या पेशी त्याला गिळू पाहतात, पण तो पचत नाही. वर्षानुवर्षं तिथेच टोचत राहतो. त्यातून फुप्फुस कडक होत जाणारा ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या पदार्थांत, घातले आहेत. पांढराही त्यातच.

पत्रा आणि लॅगिंग यांत फरक काय

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबून पाहू. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण दहावा हिस्सा असतो, बाकी सिमेंट. तंतू त्यात घट्ट अडकलेले असतात. पाइपांवरच्या जुन्या थरात, म्हणजे लॅगिंगमध्ये, ॲस्बेस्टॉसचं प्रमाण कितीतरी जास्त असू शकतं आणि तो बोटांनी चुरडतो. शेंगदाण्याची चिक्की आणि शेंगदाण्याचा कूट यांत जो फरक, तोच इथे आहे. चिक्की हातात धरली तर काही सांडत नाही, कुटाच्या डब्यावर पंखा लावला तर घरभर होतो. आणि चिक्की खलबत्त्यात घातली की तिचाही कूटच होतो. पत्रा वरून फेकला, ग्राइंडरने कापला किंवा ट्रॅक्टरखाली चुरला की तोही लॅगिंगच्या जवळ येतो.

म्हणून शाबूत पत्र्याच्या घरात राहणाऱ्याने घाबरून उद्याच छप्पर उचकटायची गरज नाही. बंद कारखान्यातलं लॅगिंग मात्र नुसतं उभं असतानाही त्रास देतं. वरचं प्लास्टर फुटलेलं, जाळीची तार गंजलेली, खाली जमिनीवर पांढरा चुरा आणि त्यात कबुतरांची विष्ठा. असा चुरा दिसला की झाडू लावायचा नाही. दार लावून घ्यायचं आणि आधी तपासणी करायची.

ओळखायचं कसं

डोळ्यांनी ओळखता येत नाही. काचलोकर, रॉकवूल, मॅग्नेशिया आणि ॲस्बेस्टॉस जुने झाले की सगळे सारखेच मळकट दिसतात. त्यातही एकाच पाइपवर खालचा थर १९७०च्या दशकातला आणि वरचा दुरुस्तीचा, असं सर्रास असतं. नमुना घेताना जागा फवाऱ्याने ओली करायची, थर आरपार, धातूला लागेपर्यंत काढायचा, दोन पिशव्यांत बंद करून वर ठिकाण लिहायचं आणि भोकावर टेप लावायची. प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या लॅगिंगचे किमान तीन नमुने घ्यावेत. प्रयोगशाळा ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतूचा प्रकार सांगते. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची आणि नेमक्या याच चाचणीसाठी मान्यता असलेली हवी. पाण्याच्या तपासणीची मान्यता इथे उपयोगाची नाही.

साखर कारखान्यात शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. बॉयलर ड्रम आणि वाफेची मुख्य लाइन, टर्बाइनचं आवरण, रसाचे हीटर, इव्हॅपोरेटर, पॅन. फ्लँजमधली करडी गॅस्केट, व्हॉल्व्हच्या मानेतली पॅकिंगची दोरी, गव्हाणीवरच्या जुन्या क्रेनचे ब्रेक लायनर, इलेक्ट्रिक पॅनेलमधल्या पाट्या. सूतगिरणीत लॅगिंग कमी निघतं, पत्रे आणि आर्द्रता राखणाऱ्या यंत्रणेच्या डक्टवरचं आवरण जास्त.

ॲस्बेस्टॉसखेरीज आणखी काय

लॅबचं कपाट पहिलं उघडायचं. उसाच्या रसातली साखर ध्रुवणमापीने मोजण्याआधी रस नितळ करावा लागतो आणि त्यासाठी वर्षानुवर्षं लेड सबॲसिटेट हे शिशाचं क्षार वापरलं गेलं. पांढरी पूड, बरणीचं लेबल उंदरांनी खाल्लेलं, आणि पाण्यात विरघळणारी. त्याच कपाटात फॉर्मेलिन, आम्लं आणि पाऱ्याचे थर्मामीटर. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा कपाटाच्या फटीत गोळ्या होऊन बसलेला असतो. तो झाडूने लोटायचा नाही आणि साध्या व्हॅक्यूमने तर मुळीच ओढायचा नाही, कारण गरम मोटरमधून त्याची वाफ बाहेर येते.

ट्रान्सफॉर्मर आणि जुने कपॅसिटर ही दुसरी जागा. जुन्या तेलात पीसीबी असू शकतं. हे क्लोरिनयुक्त तेल निसर्गात जवळपास नष्ट होत नाही आणि चरबीत साठत जातं. भारताने २०१६च्या आदेशाने त्याच्या वापराला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत दिली होती. तेलाचा नमुना तपासून किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या वर पीसीबी निघालं तर ते तेल, टाकी आणि आतलं तांबंसुद्धा वेगळ्या वाटेने जातं. भंगारवाला तेल जमिनीवर ओतून तांबं काढतो, तेव्हा नेमकी हीच वाट चुकते.

याशिवाय गिअरचं तेल, शिसं-आम्ल बॅटऱ्या, ट्यूबलाइट, कॉस्टिकचे पिंप, गंधकाचे ढीग, सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीतला गाळ. जुन्या लोखंडाला दिलेला शेंदरी प्राइमर शिशाचा असू शकतो. त्यावर गॅस कटर लावला की शिशाची वाफ थेट कटर धरणाऱ्याच्या नाकात.

आणि मळीच्या टाक्या. वरून रिकाम्या दिसतात, तळाला हातभर गाळ असतो. त्यात आंबवण चालू असतं, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि प्राणवायू घटतो. सांडपाण्याच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, तो जास्त प्रमाणात असला की वासच येईनासा होतो. एक जण उतरतो आणि पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. चार वायूंचा मीटर दोरीने आत सोडून प्राणवायू किमान १९.५ टक्के असल्याची खात्री झाल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही, आणि वर माणूस, कमरेला दोर, तिकाटणं हे सगळं तयार हवं.

आधी काय काढायचं

क्रम असा: वीज तोडणं, मग सुटी रसायनं आणि तेलं, मग चुरडणारं लॅगिंग, त्यानंतर छपराचे पत्रे, आणि सगळ्यात शेवटी गॅस कटर.

अनेक ठेकेदार छप्पर आधी उतरवतात, कारण उजेड येतो आणि क्रेन आत घालता येते. ही मोठी चूक आहे. छप्पर आणि भिंती आहेत तोवर आत वारा नाही. लॅगिंगभोवती तंबू उभारायचा तर वारा नकोच. शिवाय छप्पर गेल्यावर पहिल्याच वळवाच्या पावसात लॅगिंगचा लगदा गटारातून ओढ्याला लागतो.

हंगामही पाहावा लागतो. बंद सूट आणि मास्क घालून चाळीस अंशांच्या वरच्या एप्रिल-मेमध्ये माणूस अर्ध्या-पाऊण तासात गळून जातो, आणि गळालेला माणूस सर्वांत आधी मास्क खाली ओढतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पण तेव्हा आजूबाजूचे कारखाने जोरात चालू असतात, ट्रक उसाला लागलेले असतात आणि फिटर मिळत नाही. याची तजवीज पावसाळ्यातच केलेली बरी.

लॅगिंग उतरवायचं कसं

कामाच्या भागाभोवती १५० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकचे दोन थर लावून बंद खोली करतात. जमिनीवर अंथरलेलं प्लास्टिक भिंतीवर फूटभर वर चढवतात. खोलीतली हवा एका यंत्राने सतत बाहेर ओढली जाते. त्या यंत्राला हेपा गाळणी असते, जी ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किमान पाच पास्कल कमी हवा, म्हणजे प्लास्टिक फाटलं तरी हवा बाहेरून आत येते, आतली बाहेर जात नाही. तासाला खोलीतली सगळी हवा किमान चार वेळा बदलली पाहिजे. दहा बाय आठ मीटर आणि पाच मीटर उंच खोली ४०० घनमीटरची होते, तिला तासाला १,६०० घनमीटर ओढणारं यंत्र लागतं. गाळणी चोंदली की ओढ कमी होते, म्हणून यंत्र थोडं मोठंच घ्यावं. काम नीट चाललं आहे हे बघण्याची सोपी खूण म्हणजे प्लास्टिकच्या भिंती आतल्या बाजूला फुगलेल्या दिसतात. त्या सैल लोंबू लागल्या की काम थांबवायचं.

बंद कारखान्यात वीज नसते, जनरेटर असतो, आणि तो बंद पडतोच. त्यासाठी दुसरा तयार हवा. दोन्ही गेले तर हात थांबवायचा, फवारा मारायचा आणि रांगेने बाहेर पडायचं. जनरेटरचा धूर जिथून हवा आत येते तिथे सोडायचा नाही. सांगायला नको अशी गोष्ट, पण नेमकी हीच राहून जाते.

थर ओला करायला साधं पाणी पुरत नाही, ते वरून ओघळून जातं. पाण्यात साबणासारखं काम करणारं द्रव्य मिसळतात आणि कमी दाबाच्या फवाऱ्याने हळूहळू मुरवतात. जाड थरात सुया टोचून आत पाणी सोडतात आणि कित्येक तास, कधी रात्रभर, तसंच ठेवतात. मग तार कापून थर तुकड्यातुकड्याने थेट पिशवीत. खाली टाकायचा नाही. टँकरच्या भागात पाण्याची चिंता स्वाभाविक आहे, पण या कामाला पाणी बेताचंच लागतं. होज पाइपचा झोत तर घातकच, तो तंतू उडवतो आणि लगदा गटारात नेतो. जास्त पाणी कामगारांच्या आंघोळीला लागतं, आणि ते पाच मायक्रॉनच्या गाळणीतून काढल्याशिवाय सोडायचं नाही.

एकट्या पाइपसाठी स्वस्त युक्ती आहे. हातमोजे जोडलेली बंद पिशवी पाइपभोवती लावून फूटभर लॅगिंग काढायचं, तसंच पुढच्या टोकाला, आणि मधला भाग लॅगिंगसकट प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून उघड्या जागेवर कापून तसाच न्यायचा. त्या तुकड्यातलं लोखंड विकता येत नाही. तरी लहान व्यासाच्या पाइपाला हे बहुधा परवडतं.

बाहेर पडायला तीन कप्पे असतात: मळका, आंघोळीचा, स्वच्छ. मळक्यात सूट आधी ओला पुसून उलटा सोलून काढायचा, मास्क तोंडावरच. मास्क सगळ्यात शेवटी, पाण्याखाली. हा क्रम उलटला तर आतलं सगळं काम पाण्यात. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. ते झटकून धुणाऱ्या घरच्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

पत्रे: इथे तंतूपेक्षा पडण्याचा धोका मोठा

तीस-चाळीस वर्षं जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, वर शेवाळ असेल तर घसरण वेगळी. पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही. खालून लिफ्ट किंवा परांची, नाहीतर वरून छपराच्या कैच्यांवर टेकलेल्या फळ्या, आणि खाली जाळी. पत्रा दोन्ही बाजूंनी ओला करायचा, हुक बोल्ट फिरवत बसायचं नाही, बोल्ट कटरने तोडायचा. ग्राइंडर बंदच. तीन मीटरचा एक पत्रा चाळीसेक किलोचा असतो, तो दोघांनी हाताने किंवा पाळण्यातून खाली उतरवायचा. शाबूत पत्रे लाकडी पॅलेटवर रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, फुटके तुकडे अस्तर लावलेल्या जंबो बॅगेत. दोन हजार चौरस मीटर छपराचे साधारण तीस टन पत्रे निघतात, तेवढ्या वाहतुकीची सोय आधीच करावी. पन्हाळीखालची माती विसरू नये. झिजलेल्या पत्र्याचे तंतू वर्षानुवर्षं तिथेच धुऊन पडलेले असतात, वरचा दोन-तीन इंचांचा थर ओला करून पिशव्यांत भरतात.

“आम्ही वीस वर्षं हेच करतो, काही झालं नाही”

ॲस्बेस्टॉसमुळे होणारे कर्करोग श्वासातून तंतू गेल्यानंतर बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात. आज तिशीत कटर धरणारा माणूस साठीत दवाखान्यात जाईल आणि तेव्हा कुणालाही हा कारखाना आठवणार नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्यनोंदी चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांत जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायला सांगितलं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका तर दोन्ही मिळून कितीतरी वाढतो.

रुमालाने काहीही अडत नाही. सर्जिकल मास्कनेही नाही, तो गालावर बसतच नाही. बदलता येणाऱ्या पी३ (सर्वांत बारीक कण अडवणाऱ्या दर्जाच्या) गाळणीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो आणि दाढी असेल तर तोही गळतो. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण दाढी किंवा काम, यातलं एक निवडावं लागतं.

“आवारातच पुरून टाकू”

आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात उथळ पुरलेलं वर येतं. नांगरट झाली, पाया खणला, की पिशवी फाटते. शिसं आणि तेल यांचा प्रश्न आणखी वेगळा. खाली बेसाल्टच्या फटी आहेत, त्यांतून ते कुणाच्या बोअरला लागेल याचा नेम नाही. जाळणं तर व्यर्थच, कारण ॲस्बेस्टॉस जळत नाही, पिशवी तेवढी जळते.

योग्य जागा म्हणजे धोकादायक कचऱ्याची अधिकृत भूभरण साइट. मराठवाड्यातल्या कामांना सोयीची पडते ती पुण्याजवळच्या रांजणगावची. छत्रपती संभाजीनगरहून ती पावणेदोनशे-एकशे ऐंशी किलोमीटरवर आहे, नांदेडहून त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. भाड्याचा आकडा पाहूनच पुरण्याची कल्पना सुचते, हे उघड आहे.

“ॲस्बेस्टॉसवर बंदीच नाही, मग एवढा बाऊ कशाला?”

अर्धं खरं आहे. खाणीचे नवे पट्टे १९८६पासून आणि जुन्यांचं नूतनीकरण १९९३पासून थांबलं, पण आयात केलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही कायदेशीर विकले जातात. तरी धोकादायक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसची नोंद आहे, आणि ॲस्बेस्टोसिस हा कळवणं कायद्याने बंधनकारक असलेला आजार आहे. नवा पत्रा विकणं आणि जुना फोडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्याच नियमांनुसार असा कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. प्रत्येक पिशवीवर नियमांतल्या फॉर्म ८चं लेबल आणि प्रत्येक गाडीसोबत सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचं नोंदपत्र, लागतं. त्यातली निळी प्रत साइटवरून सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत येते. ती आली नाही तर माल पोचला असं समजायचं नाही. पर्यावरणाच्या नुकसानीची जबाबदारी या नियमांनी कचरा पाठवणाऱ्यावरही टाकलेली आहे, त्यामुळे ‘ठेकेदाराला दिलं होतं’ एवढं म्हणून सुटका नाही.

निविदेत काय लिहावं

एकगठ्ठा रक्कम नको. तपासणी वेगळ्या संस्थेची, आणि ती लिलावाआधी. मग लॅगिंग मीटरवर, पत्रे चौरस मीटरवर, तेल लिटरवर, विल्हेवाट टनावर, अशा वेगळ्या बाबी आणि पैसे मॅनिफेस्टची परतलेली प्रत पाहून. सफाई झाल्यावर आधी टॉर्चच्या तिरप्या उजेडात धूळ दिसते का ते पाहायचं, नंतर हवेचे नमुने. घनसेंटिमीटरला ०.०१ तंतूंपेक्षा कमी निघाल्यावरच प्लास्टिक सोडायचं. हा नमुना ठेकेदाराने स्वतः घ्यायचा नाही. त्यानंतर गॅस कटरला परवानगी. यामुळे लिलावाची बोली खाली येते, ही तक्रार रास्त आहे. येतेच. आज तो खर्च बोलीत दिसत नाही, कारण तो भंगार उचलणारे मजूर आणि शेजारच्या विहिरी भरतात.

कारखान्याचे पत्रे आधीच गोठ्यावर आले असतील तर

शाबूत असतील तर राहू द्या. भोकं पाडू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. कड झिजली असेल तर ओली करून सिमेंट पत्र्याचा रंग द्या. फुटलेला तुकडा ओला करून, दोन पिशव्यांत बांधून, जनावरांपासून आणि पोरांपासून दूर ठेवा. पाणंद रस्त्याच्या खड्ड्यात मात्र टाकू नका, तिथे रोज ट्रॅक्टर त्याचं पीठ करतो. कारखान्यातून पांढऱ्या लोकरीसारखं काही पोत्यात भरून आणलं असेल, चुलीभोवती लावायला किंवा उशीत घालायला, तर पोतं उघडून पाहू नका. तसंच दुसऱ्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवा. पत्राची पोच घ्या.